एका ओळीत राजवाडा

बाबा,

मंडईच्या दिवशी, जत्रेतल्या नाटकाला, तुमचा राजवाडा मी एका ओळीत उभा केला. त्याला ना बांबू लागला, ना दोर, ना खाली उभं राहून ‘आखीन वर, आखीन वर’ असं ओरडणारा माणूस. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत मी एका छोट्याशा प्रोग्रामचं नाव टाईप केलं, एक जागा सोडली, चित्रं ठेवलेल्या फोल्डरचं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं. लगेच तुमचे खांब, तुमच्या कमानी, सिंहासनामागचं ते तांबडं मखमली कापड, सगळं स्टेजच्या मागच्या भल्या मोठ्या एलईडी पडद्यावर येऊन उभं राहिलं. तुम्ही असतात तर आधी ‘बाप्पा!’ म्हणाला असतात आणि लगेच डावीकडचा खांब तिरपा दिसतो म्हणून माझ्यावर चिडला असतात. तो तिरपाच आहे बाबा. तुम्हीच तसा रंगवलाय, आणि मी तो सरळ केलेला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. मी आता ऊर्जानगरला राहते. तुमचे जावई वीज केंद्रात आहेत, कंपनीची बस त्यांना दारातून नेते आणि दारात सोडते. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आई माझ्याजवळच असते आणि क्वार्टरच्या भिंतींना रंग चांगला नाही म्हणून रोज कुरकुर करते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना वाटतं, कॉम्प्युटर म्हणजे बोटानं ढकलायची चित्रं. मी त्यांना आधी ती काळी खिडकी दाखवते. तिथे ढकलायला काही नसतं. काय हवं ते लिहून सांगायचं. नीट सांगितलं तर नीट होतं, चुकीचं सांगितलं तर तेही अगदी सांगितल्याबरहुकूम होतं. मुलं कंटाळतात, जांभया देतात. मला मात्र ती खिडकी पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली, कारण तुमचं बोलणंही तसंच होतं. कामात असलात की तुमच्या तोंडून तीन शब्दांच्या वर काही निघत नसे. “निळा. पातळ. आन.” आणि मी धावत जाऊन पातळ निळा आणायची. चुकून घट्ट आणला तर तुम्ही काही न बोलता डबा तसाच परत करायचात.

ते गिरणीचं गोदाम माझ्या डोळ्यांसमोर आजही जसंच्या तसं आहे. धान यायला अजून अवकाश असतो, राईस मिल बंद असते, आणि मालकानं तुम्हाला ती रिकामी जागा वापरायला दिलेली असते. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तालमी सुरू झालेल्या असतात आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या गावोगावी नाटकं लागणार असतात, त्याआधी तुम्हाला पडदे पुरे करायचे असतात. मांजरपाटाचा तो अवाढव्य पडदा जमिनीवर ताणून ठोकलेला. त्याच्यावर तुम्ही अनवाणी, हातात बांबूला बांधलेला कुंचला, आणि राजवाडा पायाशी. मध्येच शिडीवर चढून वरून बघायचं, ‘हं’ करायचं आणि उतरायचं. इकडे घरी आईच्या चुलीवर रंगात घालायचा सरस शिजत असे. त्याच्या वासानं भात घशाखाली उतरत नसे. आई जर्मनचं पातेलं, तिचा तो गंज, आदळत म्हणायची, “माहा भाताचा गंज घेऊन गेले न राजाले महाल बांधून राह्यले! राजा येते का इथी भांडे घासाले?” तुम्ही हसायचात आणि दुसऱ्या दिवशी तोच गंज पुन्हा न्यायचात.

एकदा तुम्ही जेवायला घरी गेला होतात आणि मी राजवाड्याच्या पायरीवर आपली मांजर काढली. फार छान जमली होती, शेपटी पायाभोवती गुंडाळून बसलेली. मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही मला मारलं नाही, ओरडलाही नाहीत. शेजारी बसवलं आणि तुमच्या मानानं मोठं भाषण केलं. “हे पाय व बाई. राजा रडून राह्यला, न लोक मांजर पाहून राह्यले, त मंग राजानं का करावं? पडद्यावर आपुन दिसलो नाई पाहिजे. मानसं नाटक पाहाले येते, पेंटर पाहाले नाई.” मग तुम्ही स्वतःच मांजरीवर पायरीचा रंग फिरवला. मी रडले. तर तुम्ही उरलेल्या कापडाचा आकाश रंगवलेला तुकडा आईला देऊन माझ्यासाठी त्याचं दप्तर शिवून घेतलंत. शाळेत सगळ्यांची दप्तरं खाकी, माझं निळं, आणि त्यावर अर्धा ढग. पोरी चिडवायच्या, “हिच्या दप्तरात पानी येते.” मी मान वर करून चालायची. तसं दप्तर पुढे मला कुठल्याच दुकानात दिसलं नाही.

तुमच्यानंतर फ्लेक्स आले. फ्लेक्स हलका, घडी पडत नाही, एका दिवसात छापून मिळतो. कंपन्यांनी तुमचे पडदे एकेक करून देऊन टाकले, आणि ज्यांना मिळाले त्यांनी ते आपापल्या कामाला लावले. कोणाचा लग्नाच्या मांडवात, कोणाचा म्हशीच्या गोठ्याला आडोसा. मला हे बरीच वर्षं माहीत नव्हतं. सिंदेवाहीला एका मैत्रिणीकडे जाताना रस्त्याच्या कडेच्या शेतात मला तुमचा राजवाडा दिसला. कापून रचलेल्या धानाच्या ढिगावर, पुंजण्यावर, झाकलेला, कमानी खाली लोंबत होत्या. मी गाडी थांबवायला लावली आणि बांधावरून धावत गेले. पुंजण्याजवळ एक म्हातारी बसली होती.

“काऊन व बाई, का पाहून राह्यली?”

“आजी, हा पडदा माह्या बाबानं रंगवला.”

“मंग? नेतं का काय? पानी आलं त धान कोन झाकन, तुहा बाबा?”

“ते त वारले आजी.”

म्हातारी जरा वरमली, पण पडद्यावरचा हात तिनं काढला नाही. “मंग फोटू काढ. पडदा नाई भेटत. या राजवाड्याखाली माहं धान कधी भिजलं नाई.” तिच्या मुलांनी पडदा खळ्यावर पसरून दिला, मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले आणि तुकड्या-तुकड्यानं फोटो काढले. तुम्ही शिडीवरून बघायचात तसंच वरून बघत होते. फार दिवसांनी मला तुमचं काम सबंध दिसलं आणि मी त्या ट्रॉलीवर उभी राहून रडले. आजीनं खालून विचारलं, “चांगला नाई आला का फोटू?”

त्यानंतर मला नादच लागला. सुट्टी मिळाली की मी निघायची. चिमूरकडे तुमचं जंगल सापडलं, एका शिंप्याच्या दुकानात आतल्या खोलीच्या दाराला टांगलेलं. मोहाचं झाड मधोमध कापून तिथे ये-जा करायची फट केलेली होती. दरबार सापडला, लग्नाचा मांडव सापडला, तुरुंग सापडला, स्मशान सापडलं. फोटो घरी आणून मी कॉम्प्युटरवर जोडत बसायची. चिखलाचे आणि शेणाचे डाग काढले. तुमचं काही बदललं नाही. पण हे सगळं करून ठेवायचं कशाला, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. जावई विचारायचे, मी विषय बदलायची.

उत्तर मला मागच्या वर्षीच्या मंडईत मिळालं. नणंदेच्या गावी नाटक होतं. ज्या कंपनीसाठी तुम्ही जन्मभर पडदे रंगवलेत तिचंच. त्यांनी आता एलईडी पडदा घेतलाय. मागे जे हवं ते चित्र इंटरनेटवरून काढून लावायचं. जंगलाचा प्रवेश आला. टाकून दिलेली नायिका धाय मोकलून रडतेय आणि तिच्या मागे विलायती उंच झाडं, बुंध्याशी पांढराशुभ्र बर्फ. मागून कोणीतरी ओरडलं, “हे कोनतं जंगल होय गा? वाघ थंडीनं मरन न इथी!” सगळं मैदान हसलं. ती बिचारी आणखी जोरात रडायला लागली. तेवढ्यात चंद्रावर माऊसचा बाण येऊन बसला आणि कोपऱ्यात चौकट उघडली, की कॉम्प्युटर अपडेट करायचा आहे, आता करू का नंतर. मग काय, नायिकेचं दुःख कोण ऐकतो! “आताच कर गा,” असं पोरं ओरडू लागली. मला हसू आलं नाही. मला इतका राग आला की नणंदेनं आणलेला चहा गार झाला.

दुसऱ्याच आठवड्यात मी वडशाला कंपनीच्या मालकाकडे गेले. मालक म्हणजे तुमच्या पडद्यांपुढे राजाचं काम करणाऱ्या जुन्या मालकांचा मुलगा, ज्याला तुम्ही गोदामात रंगाच्या डब्यांना हात लावू देत नव्हतात तोच. त्यानं मान दिला, चहा पाजला आणि हसून म्हणाला, “ताई, जुने पडदे कोन पाहाते आता? पब्लिकले चकाचक पाहिजे.”

“पब्लिक हसून राह्यली होती भाऊ. मी पाहिलं ना.”

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “बरं. पुढच्या सीझनच्या तालमीत दाखव. जमलं त मंडईच्या प्रयोगाले लावू. नाई जमलं त मंग पुन्हा हा विषय काढायचा नाई.” मी हो म्हटलं, आणि बाहेर येऊन बसस्टँडवर बसले. तिथे मला कळलं, हे सगळं कशासाठी केलं ते. तुमचं काम पुन्हा माणसांसमोर उभं राहावं, नटाच्या पाठीशी, जिथे त्याची जागा आहे. यात मी हरले असते तर तुमचा राजवाडा कायमचा पुंजण्यावरच राहिला असता.

तालमी सुरू झाल्या तेव्हा मी माझा जुना लॅपटॉप घेऊन गेले. कंपनीच्या ऑपरेटरकडे महागडं सॉफ्टवेअर होतं, त्यात शंभर बटणं. माझ्याकडे तो एवढासा प्रोग्राम, जो चित्र दाखवतो आणि बाकी काही करत नाही. पडदाभर चित्र, कडेला पट्टी नाही, वर नाव नाही, बाण लपवायला एक शब्द जास्त लिहायचा की बाणही नाही. पुढचा प्रवेश आला की स्पेसबार. मी तो निवडला याचं कारण तुमचं ते मांजरीचं भाषण, दुसरं काही नाही. ऑपरेटर माझी काळी खिडकी पाहून म्हणाला, “ताई, हे त बंद पडलेल्या टीव्हीसारखं दिसून राह्यलं.” मी म्हटलं, थांबा जरा.

पहिल्या प्रवेशाला राजवाडा. आला. मालकाची मान डोलली. दुसऱ्या प्रवेशाला लग्नाचा मांडव हवा होता. मी स्पेसबार दाबला, आणि अंगाला हळद लावलेली नायिका लाजत, मुरकत आली ती थेट स्मशानात. तुमचं ते स्मशान, जळतं सरण, वर घिरट्या घालणारी गिधाडं. तिनं मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, “अवं बाई, माहं लगन होय का मयत?” तालमीतली सगळी माणसं खाली बसून हसली. तबलजी तर तबल्यावर आडवा झाला.

मी चित्रांची यादी उघडली. झालं होतं ते असं: मी चित्रांना एक, दोन, तीन असे नंबर दिले होते, पार बारापर्यंत. प्रोग्राम बिचारा नंबर मोजत नाही, तो शब्दकोशासारखं पहिलं अक्षर आधी बघतो. दहा लिहिताना पहिला आकडा ‘१’ असतो, म्हणून त्याच्या मते एकानंतर दहा. आणि दहावं चित्र स्मशान. हा धडा मी दरवर्षी फळ्यावर आकडे मांडून पोरांना शिकवते! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मालक घड्याळ बघायला लागला होता. मी काळ्या खिडकीत परत गेले आणि एका ओळीनं सगळ्या एकेरी आकड्यांच्या आधी शून्य लावलं. लिहिलेली ओळ पुन्हा एकदा वाचली. पुन्हा एंटर. राजवाडा. स्पेसबार. मांडव. आंब्याच्या पानांचं तोरण, केळीचे खुंट. नायिकेनं आधी मागे वळून खात्री केली आणि मग लाजली.

ऑपरेटर म्हणाला, “ताई, आमच्या सॉफ्टवेअरात असं नाई होत.”

“माह्याइथी चंद्रावर बाण नाई येत, भाऊ,” मी म्हटलं. तो हसला. माणूस चांगला आहे. पुढे त्यानंच मला तारा जोडायला मदत केली.

मालक सगळं संपेपर्यंत बसला. उठताना म्हणाला, “चालते. पन शेवटच्या अंकाले नदी पाहिजे. ते कुठी आहे?” घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! नदी मला कुठेच सापडली नव्हती. ज्या-ज्या गावी कोणी ‘इथी आहे’ म्हटलं तिथे जाऊन आले होते. एका ठिकाणी तिचा गोठ्यातला चिंधीएवढा तुकडा मिळाला, तोही म्हशीनं चघळलेला. मालक म्हणाला, नदी इंटरनेटवरून घेऊ, एका प्रवेशाचं काय एवढं. मी नाही म्हटलं. तुमच्या दरबारातून निघालेली नायिका परक्या नदीत कशी उडी टाकेल? म्हटलं, नदी मी आणते.

आणि मी ती रंगवली. चंद्रपूरहून मांजरपाट आणला, क्वार्टरच्या गच्चीवर ताणून ठोकला, गच्चीभर. भुकटीचे रंग, सरस, सगळं तुमच्या पद्धतीनं. शेजारणी नाकाला पदर लावून गेल्या. आई गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि फक्त एकदा म्हणाली, “गंज माहा नको घेऊ.” त्याआधी मी वडशाच्या पुलावर जाऊन वैनगंगा बघत उभी राहिले होते. ऊन असताना, ऊन उतरताना, खाली म्हशी डुंबत असताना. पहिलं पाणी पुसून टाकलं. दुसरंही. तिसरं राहिलं, आणि त्याचा फोटो काढून मी तो तुमच्या चित्रांच्या फोल्डरमध्ये ठेवला.

मंडईच्या दिवशी मैदान अंथरलेल्या तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, बसलेल्या माणसांनी भरलं होतं. पुढाऱ्यांची भाषणं आटोपली, नांदी झाली, मखमली पडदा सरकला. मी एंटर दाबलं. तुमचा राजवाडा. माणसं माना वर करून बघू लागली. मग डावीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “अरे, हा त आपला जुना राजवाडा होय गा!” आणि टाळी पडली. एक, मग दहा, मग सगळं मैदान. स्टेजवर अजून एकही नट आलेला नव्हता, बाबा. विंगेत राजा मुकुट घालून टाळ्या थांबायची वाट बघत उभा होता. नट नसताना टाळी मी आजवर ऐकली नव्हती. ती तुमची होती, आणि थोडी माझीही. मी लाजून ती नाकारणार नाही. जंगलाला “मोहाचं झाड पाहा, मोहाचं झाड!” असं बायका एकमेकींना दाखवत होत्या. नायिका रडली, आणि या वेळी मैदान तिच्याबरोबर रडलं.

शेवटच्या अंकाला नदी आली. माझ्या शेजारी खुर्चीवर मालकाचे वडील बसले होते, तुमचा राजा, शाल पांघरून, आता काठीशिवाय उठवत नाही. ते पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, “पानी पाय बेटा, पानी. हा त्याचाच हात. असं पानी त्याच्याशिवाय कोनाले जमन?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान हलवली आणि स्पेसबारवरचं बोट सांभाळलं. प्रयोग संपल्यावर मालक आला, म्हणाला, “ताई, या सीझनले सगळे पडदे तुह्या बाबाचेच.” मी त्यालाही हो म्हटलं.

हे मी कुठे पाठवणार नाही, बाबा. आईलाही दाखवणार नाही, कारण पुढचं तिला खपायचं नाही आणि ती आठवडाभर माझ्याशी बोलायची नाही. त्या म्हाताऱ्या राजाला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, तेवढं श्रेय खुशाल घ्या. पण तुमच्या-माझ्यात म्हणून सांगते. तुमच्या नद्या वाळत घातलेल्या लुगड्यासारख्या दिसायच्या. पाणी मला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं.